होल गॅसमधली अतिवाहक जंक्शनं आणि चुंबकीय क्षेत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात पदव्युत्तर वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं परदेशातल्या एका प्रयोगशाळेत याच जंक्शनांची मापनं केली. एम.एस्सी.ची मुलं, त्यांचे पालक, हिंजवडीत नोकरी करून आता क्वांटमकडे वळू पाहणारे इंजिनिअर, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. वाचताना एक गोष्ट मनात धरा: या विषयात "क्षेत्र किती?" या प्रश्नाइतकाच "क्षेत्र कुठल्या बाजूनं?" हा प्रश्न मोठा आहे. माझ्या मते तो जास्तच मोठा आहे.

हे नेमकं आहे तरी काय? थोडक्यात सांगा.

अर्धवाहकाचा एक अतिशय पातळ थर घ्यायचा आणि त्याला दोन बाजूंनी अतिवाहक धातू, म्हणजे पुरेसा थंड केला की ज्याचा विद्युतरोध शून्य होतो असा धातू, भिडवायचा. मधे जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरची फट ठेवायची. तापमान पुरेसं खाली नेलं की या फटीतूनही विनारोध प्रवाह वाहतो. मग चुंबकीय क्षेत्र लावायचं आणि तो प्रवाह कसा घटतो, वाढतो, उलटतो ते मोजायचं. थरातले वाहक, म्हणजे विद्युतभार वाहून नेणारे कण, इलेक्ट्रॉन नसून होल असले, तर त्याला होल गॅसमधलं जंक्शन म्हणतात. सध्या यात सर्वात जास्त काम जर्मेनियमवर चालू आहे.

होल म्हणजे भोक का?

नाही. पंगत बसली आहे आणि मधला एक पाट रिकामा आहे, असं समजा. शेजारचा सरकून त्या पाटावर बसतो, मग त्याच्या शेजारचा सरकतो. प्रत्येक माणूस एकेकच पाट उजवीकडे सरकला, पण रिकामा पाट मात्र पंगतीच्या डाव्या टोकाला जाऊन पोचला. अर्धवाहकात इलेक्ट्रॉननं भरलेल्या पट्ट्यात एक जागा रिकामी झाली की ती अशीच प्रवास करते आणि धनभारित कणासारखी वागते.

इथवर बारावीच्या पुस्तकातही असतं. पुस्तकात नसतं ते हे, की होल हा इलेक्ट्रॉनचा नुसता उलटा ठसा नाही. वाहक पट्ट्यातला इलेक्ट्रॉन स्वभावानं साधा असतो. होल ज्या पट्ट्यात (संयुजा पट्ट्यात) राहतो तो अणूंच्या पी-कक्षकांपासून बनलेला असतो, त्यामुळे होलचा स्पिन (कणाच्या अंगचा फिरकीसारखा गुण, ज्यामुळे तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो) आणि त्याची गती एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. पुढचं सगळं या गुंत्यातूनच येतं.

मग "गॅस" कशासाठी?

हे वाहक स्फटिकात वायूच्या रेणूंसारखे मोकळे फिरतात म्हणून. मात्र फिरायला त्यांना फक्त लांबी आणि रुंदी मिळते. जर्मेनियमचा सुमारे १६ नॅनोमीटर जाडीचा थर सिलिकॉन-जर्मेनियमच्या दोन थरांमधे दाबून बसवलेला असतो. होल त्या मधल्या थरातच अडकून राहतात, वर-खाली हलायला त्यांना जागा नसते. वरच्या गेटवर (थरावर बसवलेल्या, पण त्याला न भिडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) ऋण व्होल्टेज दिलं की होल वाढतात, उलट दिशेनं नेलं की गॅस रिकामा होतो. जंक्शनचा अतिवाहक प्रवाह अशा रीतीनं नळाच्या चावीसारखा कमी-जास्त करता येतो. साध्या धातू-ऑक्साइड-धातू जंक्शनात ही सोय नाही.

जोसेफसन जंक्शन म्हणजे काय?

१९६२ साली केंब्रिजमधल्या ब्रायन जोसेफसन या २२ वर्षांच्या विद्यार्थ्यानं गणितानं दाखवलं, की दोन अतिवाहकांच्या मधे पातळ अडथळा असला तरी व्होल्टेज न लावता त्यांच्यातून प्रवाह वाहू शकतो. पुढच्याच वर्षी प्रयोगात ते दिसलं आणि १९७३ साली जोसेफसनना नोबेल मिळालं.

अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकाच तालात असतात. पुणेकरांना हे ढोल-ताशा पथकावरून पटकन कळतं. पथकात शंभर ढोल असले तरी ठोका एकच पडतो. आता लक्ष्मी रोडवर गल्लीच्या दोन तोंडांशी दोन पथकं उभी आहेत, लय सारखी आहे, पण एकाचा ठोका दुसऱ्याच्या किंचित आधी पडतो. ठोक्यांमधलं हे अंतर म्हणजे फेज-फरक. दोन अतिवाहकांमधून किती प्रवाह वाहील ते या फेज-फरकाच्या साइनवर ठरतं. फरक शून्य, तर प्रवाह शून्य. फरक ९० अंश, तर प्रवाह कमाल. या कमाल प्रवाहाला क्रांतिक प्रवाह म्हणतात. त्याच्या वर गेलात की जंक्शनवर व्होल्टेज दिसू लागतं आणि फेज-फरक धावायला लागतो. एका मायक्रोव्होल्टला तो सेकंदाला ४८ कोटींहून जास्त फेरे घेतो. पथकाची उपमा फेजपुरतीच धरा, प्रवाह कसा वाहतो ते तिच्यातून कळणार नाही.

जर्मेनियम तर अतिवाहक नाही. मग त्याच्यातून विनारोध प्रवाह कसा जातो?

उसना घेऊन. यामागची प्रक्रिया अलेक्झांडर आंद्रेयेव यांनी १९६४ साली सांगितली. अर्धवाहकातला एक कण अतिवाहकाच्या सीमेशी येतो. त्याच्याकडे पुरेशी ऊर्जा नसते, त्यामुळे तो एकटा आत शिरू शकत नाही. पण जोडीनं गेला तर प्रवेश मिळतो. मग तो एका जोडीदाराला ओढून आत नेतो आणि त्या जोडीदाराची रिकामी जागा आलेल्या वाटेनं तंतोतंत माघारी फिरते. पलीकडच्या सीमेवर याच्या उलट घडतं. ही ये-जा चालू राहिली की एका अतिवाहकातून दुसऱ्यात जोड्या पोचत राहतात.

इथे मुलांचा हमखास घोटाळा होतो, कारण "होल" हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो. आंद्रेयेव परावर्तनात "इलेक्ट्रॉन आत, होल बाहेर" म्हणतात तेव्हा फर्मी पातळीच्या (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात त्या पातळीच्या) वरची आणि खालची अवस्था एवढंच म्हणायचं असतं. जर्मेनियमच्या होल गॅसमधल्या "होल"चा अर्थ वाहक कुठल्या पट्ट्यातला आहे हा. होल गॅसमधेही आंद्रेयेव परावर्तन होतं आणि तिथेही दोन्ही जोडीदार त्याच संयुजा पट्ट्यातले असतात. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, पुढचे शंभर पेपर वाचताना डोकेदुखी वाचेल.

इतके अर्धवाहक असताना जर्मेनियमच का?

जर्मेनियमची मला विशेष ओढ आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते. मेंडेलीव्हनं १८७१ साली ज्या मूलद्रव्याची जागा कोष्टकात रिकामी ठेवली होती, ते १८८६ साली क्लेमेन्स विंकलरला सापडलं. डिसेंबर १९४७ मधे बेल लॅब्समधे चाललेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच होता. तो बनवणाऱ्यांपैकी जॉन बार्डीन यांनी दहा वर्षांनी, १९५७ साली, कूपर आणि श्रीफर यांच्याबरोबर अतिवाहकतेचा सिद्धांत मांडला. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला तो एकमेव माणूस. त्याच्या या दोन कामांची भेट आज एका चिपवर होते आहे, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

आता व्यवहाराचं. बहुतेक अर्धवाहकांवर धातू टेकवला की मधे वाहकांना अडवणारी ऊर्जेची भिंत, म्हणजे शॉट्की अडथळा, उभा राहतो आणि आंद्रेयेव परावर्तनाचं मातेरं होतं. जर्मेनियममधे धातूजवळ फर्मी पातळी संयुजा पट्ट्याच्या कडेलाच अडकून बसते, त्यामुळे होलना हा अडथळा जवळपास जाणवत नाही. ॲल्युमिनियम लावून हलकं तापवलं किंवा प्लॅटिनमचं जर्मेनियम-सिलिकॉनशी संयुग बनवलं, की स्वच्छ संपर्क मिळतो. २०१८ च्या सुमारास डेल्फ्टच्या गटानं, आणि लगेच पाठोपाठ ग्रनोबलच्या गटानं, अशी गेटनं आवरता येणारी जंक्शनं करून दाखवली. ऑस्ट्रियातल्या क्लोस्टरनॉयबुर्गच्या गटाचं कामही वाचण्यासारखं आहे.

दुसरं कारण अणुकेंद्रांचं. इंडियम, गॅलियम, आर्सेनिक यांच्या प्रत्येक स्थिर समस्थानिकाच्या केंद्राला स्पिन असतो आणि ही केंद्रं क्युबिटच्या (क्वांटम संगणकातल्या माहितीच्या एककाच्या) स्पिनला सतत ढोसत राहतात. नैसर्गिक जर्मेनियममधे फक्त जर्मेनियम-७३ ला स्पिन असतो आणि तो आठ टक्क्यांहूनही कमी असतो. शिवाय हे थर सिलिकॉनच्या वेफरवर वाढवता येतात. होलची चलनशीलता व्होल्ट-सेकंदाला दहा लाख वर्ग सेंटिमीटरच्या पुढे गेलेली आहे.

चुंबकीय क्षेत्र तर अतिवाहकतेचा शत्रू. मग ते मुद्दाम का लावायचं?

कारण जंक्शनच्या पोटात काय चाललंय हे सांगणारं त्याच्याइतकं बोलकं साधन दुसरं नाही. प्रवाह पूर्ण रुंदीतून सारखा वाहतोय की फक्त कडेनं, स्पिनवर काय परिणाम होतोय, जोड्यांना संवेग मिळालाय का, हे सगळं क्षेत्र फिरवून कळतं. शिवाय स्पिन क्युबिट चालवायला क्षेत्र लागतंच. त्याच चिपवर अतिवाहक हवा असेल, तर त्याला त्या क्षेत्रात तग धरता आला पाहिजे.

उभं क्षेत्र लावलं की काय दिसतं?

"उभं" म्हणजे थराच्या पातळीला लंब. वर्तमानपत्रासारख्या सपाट थरावर वरून पडणारा पाऊस डोळ्यांसमोर आणा.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला एका फटीतून लेसर सोडून भिंतीवर प्रकाशाचे पट्टे मोजले असतील. मधला पट्टा रुंद आणि तेजस्वी, मग अंधार, मग बाजूचे फिकट पट्टे. जंक्शनचा क्रांतिक प्रवाह क्षेत्राविरुद्ध काढला की तोच आकार कागदावर उमटतो. म्हणून त्याला फ्राउनहोफर पॅटर्न म्हणतात. कारण असं: उभ्या क्षेत्रात फेज-फरक जंक्शनच्या रुंदीभर सारखा राहत नाही, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तो वाढत जातो. जंक्शनमधून एक फ्लक्स क्वांटम (फ्लक्स म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ, आणि क्वांटम म्हणजे त्याचं ठरावीक माप) गेला की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण एक फेरा होतो. तेव्हा जंक्शनच्या अर्ध्या भागातून प्रवाह पुढे, उरलेल्या अर्ध्यातून मागे, बेरीज शून्य.

आकडे घालून बघू. फ्लक्स क्वांटम म्हणजे सुमारे २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर. जंक्शन २ मायक्रोमीटर रुंद आणि ०.५ मायक्रोमीटर लांब (लांबी म्हणजे दोन अतिवाहकांमधली फट) असेल, तर क्षेत्रफळ १ वर्ग मायक्रोमीटर. भागाकार केला की २.०७ मिलिटेस्ला. एवढ्या क्षेत्राला प्रवाह पहिल्यांदा शून्यावर येतो. प्रत्यक्षात त्याहून थोड्या कमी क्षेत्रालाच येतो, कारण दोन्ही बाजूंचे अतिवाहक आपल्यातलं क्षेत्र ढकलून फटीत लोटतात. पुण्यात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला असतं, म्हणजे या जंक्शनमधे फ्लक्स क्वांटमचे जेमतेम दोन टक्के.

पॅटर्न नेमका तसाच आला तर समजा प्रवाह सगळीकडे सारखा वाटला गेलाय. बाजूचे पट्टे मधल्याइतकेच उंच दिसले तर प्रवाह दोन कडांनीच वाहतोय. तो मग दोन फटींचा प्रयोग झाला, आणि तेच स्क्विडचं, म्हणजे दोन जंक्शनांच्या वेटोळ्यानं अतिसूक्ष्म क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाचं, तत्त्व आहे.

आणि आडवं क्षेत्र? त्यात वेगळं काय?

माझ्या दृष्टीनं सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्याची अतिवाहकता १० मिलिटेस्लाच्या आसपास संपते. पण तोच धातू १० नॅनोमीटरपेक्षा पातळ करून क्षेत्र त्याच्या पातळीत, म्हणजे आडवं, लावलं तर तो १ टेस्लाच्या पलीकडेही टिकतो. इतक्या पातळ थराला आडवं क्षेत्र ढकलून बाहेर काढायला फारशी ऊर्जा मोजावीच लागत नाही. थोडक्यात, धातूला आडवं क्षेत्र चालतं आणि उभं खपत नाही.

आता होलचं बघा. दाबून बसवलेल्या जर्मेनियमच्या थरात खालच्या ऊर्जेला असतात ते जड होल. (नाव जड, पण पातळीत फिरताना त्यांचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असतं. नावावर जाऊ नका.) जड होलचा कोनीय संवेग अधिक तीन-द्वितीयांश किंवा उणे तीन-द्वितीयांश असतो आणि तो थराला लंब दिशेनं खिळलेला असतो. आडवं क्षेत्र एका वेळी एकच पायरी चढवू किंवा उतरवू शकतं, आणि या दोन अवस्थांमधे अंतर आहे तीन पायऱ्यांचं. म्हणून आडवं क्षेत्र कितीही जोर लावो, जड होलचा स्पिन फारसा हलत नाही. उभं क्षेत्र मात्र थेट त्याच्या रोखानं येतं, त्यामुळे लगेच परिणाम करतं.

जी-फॅक्टरच्या (क्षेत्राला स्पिन किती जोरानं प्रतिसाद देतो त्या आकड्याच्या) भाषेत, उभ्या क्षेत्राला तो १० च्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि आडव्याला १ च्या बराच खाली. १ टेस्लात ०.३ जी-फॅक्टरनं स्पिनच्या दोन पातळ्या सुमारे १७ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्टनं दुभंगतात, १० जी-फॅक्टरनं सुमारे ५८० नं. ॲल्युमिनियमची गॅप (अतिवाहकातली जोडी फोडायला प्रत्येक कणामागे लागणारी ऊर्जा) साधारण २०० मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे आडव्या क्षेत्रात धातू तगतो पण होलचा स्पिन ढिम्म, आणि उभ्या क्षेत्रात स्पिन जागा होतो पण तोवर धातूनं मान टाकलेली असते. दोघांच्या आवडी नेमक्या विरुद्ध. इंडियम आर्सेनाइडमधे इलेक्ट्रॉनांच्या जंक्शनांवर काम केलेली मंडळी जर्मेनियमकडे येतात तेव्हा पहिले सहा महिने इथेच अडखळतात.

यावर तोडगे आहेत. थरातला दाब कमी केला किंवा होलना अरुंद पट्टीत कोंडलं, की जड आणि हलके होल एकमेकांत मिसळतात आणि आडवा जी-फॅक्टर वाढतो. गेटच्या व्होल्टेजनंही तो थोडा बदलतो. क्षेत्र पुरेसं परिणामकारक झालं तर जोड्यांना शून्य नसलेला संवेग मिळतो, आणि फट ओलांडेपर्यंत त्यांची फेज फिरत जाते. एका टप्प्याला ठोके जुळण्याऐवजी बरोबर उलटे पडणं हीच जंक्शनची सर्वात कमी ऊर्जेची अवस्था बनते. त्याला पाय-जंक्शन म्हणतात (पाय म्हणजे ग्रीक अक्षर π, १८० अंशांचा फेज-फरक). क्रांतिक प्रवाह आधी शून्याकडे झुकतो आणि पुन्हा वर येतो, ही त्याची खूण.

आडव्यातही दोन दिशा असतात हे विसरू नका. क्षेत्र प्रवाहाच्या रोखानं असेल तर एक गोष्ट, प्रवाहाला काटकोनात असेल तर दुसरी. काटकोनात असताना १६ नॅनोमीटर जाडी गुणिले ५०० नॅनोमीटर लांबी एवढ्या उभ्या पट्टीतून फ्लक्स जातो. तिच्यात एक क्वांटम भरायला पाव टेस्लापेक्षा जरासंच जास्त क्षेत्र पुरतं. त्यामुळे प्रवाह घटला की लगेच "स्पिनचा परिणाम!" म्हणून टाळ्या पिटू नयेत. आधी क्षेत्र ९० अंशांनी फिरवून पाहावं.

एक-दोन अंश इकडेतिकडे झालं तर एवढं काय बिघडतं?

सगळं बिघडतं. १ टेस्ला आडवं लावलंय आणि चिप एका अंशानं तिरकी बसली आहे. एका अंशाची साइन ०.०१७५. म्हणजे १७.५ मिलिटेस्ला उभं क्षेत्र चोरून आत आलं. वरच्या जंक्शनला २.०७ मिलिटेस्लाला एक क्वांटम, म्हणजे आठाहून जास्त क्वांटम शिरले आणि मुख्य शिखर कुठल्या कुठे गेलं. तुम्ही लिहिता "आडव्या क्षेत्रात अतिवाहकता संपली", आणि ती तर शेजारीच उभी असते.

म्हणून तीन दिशांना स्वतंत्र कॉइल असलेला मॅग्नेट लागतो. आडवं क्षेत्र ५० मिलिटेस्लानं वाढवायचं, मग उभं क्षेत्र मागेपुढे करून शिखर शोधायचं, पुन्हा ५० नं वाढवायचं. शिखराची जागा आडव्या क्षेत्राविरुद्ध मांडली की सरळ रेषा मिळते, आणि तिचा चढ म्हणजे चिपचा तिरकेपणा. काम कंटाळवाणं आहे, एका जंक्शनला पूर्ण रात्र जाते. पण ही रेषा ज्या पेपरात नसते त्याच्या निष्कर्षांवर मी विश्वास टाकत नाही.

शिखर शून्य क्षेत्रावर नसेल तर काही नवं सापडलं का?

मलाही तसंच वाटलं होतं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या एका जंक्शनचं शिखर शून्यापासून दीड मिलिटेस्ला सरकलेलं आलं, आणि डावी-उजवी बाजूही सारखी नव्हती. तीन आठवडे मी त्यावर आलेख काढले, स्पिन-ऑर्बिटचा (स्पिन आणि गतीच्या त्या गुंत्याचा) परिणाम म्हणून टिपण लिहिलं. लॅबमधला एक सीनिअर, तोही मराठीच, आलेख बघून एवढंच म्हणाला, "अगं, एकदा गरम करून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. सॅम्पल दीड केल्व्हिनच्या वर नेलं, शून्य क्षेत्रात पुन्हा थंड केलं. शिखर आपल्या जागेवर, दोन्ही बाजू सारख्या. आदल्या महिन्यात मी उभं क्षेत्र जास्त वाढवलं होतं, तेव्हा ॲल्युमिनियममधे भोवरे (क्षेत्र आत घुसल्यावर त्याभोवती फिरणाऱ्या प्रवाहाची वलयं) अडकून बसले होते. तीन आठवडे मी त्यांचंच मापन करत होते.

तेव्हापासूनची माझी तपासणी अशी: क्षेत्र आणि प्रवाह दोन्ही उलटे केले की आलेख स्वतःवर जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर फ्लक्स अडकलाय किंवा मॅग्नेटमधे जुनं क्षेत्र शिल्लक आहे.

जोसेफसन डायोड म्हणजे काय?

एका दिशेला जास्त विनारोध प्रवाह आणि उलट दिशेला कमी. काळ उलटा केला तरी सगळं तसंच राहतं ही एक सममिती, जागा (डावं-उजवं) उलटी केली तरी तसंच राहतं ही दुसरी; डायोडसाठी दोन्ही मोडाव्या लागतात. क्षेत्र पहिली मोडतं. दुसरी स्पिन-ऑर्बिट जोडणीनं मोडते, किंवा दोन असमान जंक्शनांचं वेटोळं करूनही मोडता येते. जर्मेनियममधे दुसऱ्या वाटेनं फार सुंदर डायोड झाले आहेत. वरच्या उत्तरातली तपासणी इथे दुप्पट काटेकोरपणे करा, कारण अडकलेला भोवराही डायोडचं सोंग घेतो.

मॅग्नेटची तारही अतिवाहकच ना? ती कशी टिकते?

ती नायोबियम-टायटॅनियमची असते. हा दुसऱ्या प्रकारचा अतिवाहक. तो क्षेत्राला भोवऱ्यांच्या रूपात आत येऊ देतो आणि त्यांना जागीच खिळवून ठेवतो, त्यामुळे ४ केल्व्हिनला १० टेस्लाच्या आसपासपर्यंत टिकतो.

ही मापनं २० मिलिकेल्व्हिनला करतात म्हणे. पुण्याच्या उन्हाळ्यात ते कसं जमतं?

फ्रिजच्या आत उन्हाळा-हिवाळा नसतो. हीलियम-३ आणि हीलियम-४ यांचं मिश्रण ०.८७ केल्व्हिनच्या खाली दोन थरांत विभागतं. एका थरातून दुसऱ्यात हीलियम-३ जाताना उष्णता शोषली जाते, पंपानं ते चक्र चालू ठेवायचं. त्रास होतो तो बाहेरच्या यंत्रांना. फ्रिजच्या काँप्रेसरला थंड पाणी लागतं, आणि एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरचा चिलर दुपारी तीन वाजता बंद पडला की आत सगळं तापू लागतं. पुन्हा खाली न्यायला एक-दोन दिवस जातात. चिलर सावलीत ठेवा आणि त्याला स्वतंत्र यूपीएस द्या.

थंडीतला धोका वेगळा. जानेवारीत इथली हवा कोरडी असते. लोकरी स्वेटर घालून वायर-बाँडिंगला (चिपला केसासारख्या बारीक तारा जोडायला) बसलेल्या विद्यार्थ्याच्या बोटातून एक ठिणगी गेली, आणि गेटखालचा ऑक्साइड संपला. आमची दोन महिन्यांची चिप अशीच गेली. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय मी आता कुणाला खुर्चीवर बसू देत नाही.

मायोराना कण यात सापडले का?

नाही. मायोराना म्हणजे स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेला कण. एका मितीच्या पट्टीत अतिवाहकता, स्पिन-ऑर्बिट आणि आडवं क्षेत्र एकत्र आले तर टोकांना अशा अवस्था दिसाव्यात असं सिद्धांत सांगतो. २०१८ साली इलेक्ट्रॉनांच्या नॅनोवायरमधे त्या दिसल्याचा दावा 'नेचर'मधे छापून आला आणि २०२१ साली तो पेपर मागे घेतला गेला. जर्मेनियमबद्दल सिद्धांत आहेत, पण आडव्या जी-फॅक्टरची अडचण तिथेही आडवी येते. दावा ऐकलात की क्षेत्राची दिशा कशी जुळवली होती, हा प्रश्न आधी विचारा.

मग याचा उपयोग काय?

गेटच्या व्होल्टेजनं सूर लावता येणारे अतिवाहक क्युबिट, आणि स्पिन क्युबिट व अतिवाहक तारा एकाच चिपवर. जर्मेनियममधे चार स्पिन क्युबिटांचा प्रोसेसर २०२१ साली प्रसिद्ध झाला. दूरच्या क्युबिटांना अतिवाहकामार्फत जोडणं ही पुढची आशा आहे.

पुण्यात राहून यात काही करता येईल का?

येईल. पाषाणची आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था २००६ पासून आहे आणि क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब तिथेच आहे. गणेशखिंडीत विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आहे. डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळा पुण्यातच आहे. तिनं मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेबरोबर सहा क्युबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं २०२४ साली जाहीर झालं. त्यातली जंक्शनं होल गॅसमधली नाहीत, पण फ्रिज, फिल्टर, मापन हे सगळं शिक्षण तेच. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मधे सहा हजार कोटींहून जास्त मंजुरी मिळाली, त्यामुळे फेलोशिपांवर लक्ष ठेवा. पायथन शिका, सोल्डरिंग शिका. दुसरं जास्त अवघड आहे.

फ्रिज नाही, मॅग्नेट नाही. तरी यातलं काही स्वतः करून पाहता येईल का?

कॅल्क्युलेटर आणि कागद पुरे. जंक्शनची रुंदी दहा सारख्या भागांत वाटा. प्रत्येक भागातून त्याच्या फेजच्या साइनएवढा प्रवाह जातो. क्षेत्र शून्य असेल तर दहाही भागांना ९० अंश द्या: बेरीज १०, तेच शिखर.

आता अर्धा फ्लक्स क्वांटम. फेज दर भागाला १८ अंशांनी वाढते: ९, २७, ४५, ६३, ८१, ९९, ११७, १३५, १५३, १७१. दहा साइन मिळवा, सुमारे ६.४ येतील. मग पूर्ण एक क्वांटम, दर भागाला ३६ अंश: ० पासून ३२४ पर्यंत. मिळवा, शून्य. सुरुवात ० ऐवजी कुठल्याही कोनापासून करून बघा, तरी शून्यच. दीड क्वांटमला ५४ अंशांची पायरी घ्या आणि उणे १५३ पासून सुरू करा. उणे चिन्ह सोडून दिलं की २.२ उरतात, तो बाजूचा फिकट पट्टा.

हे झालं की पाचव्या आणि सहाव्या भागाचा प्रवाह शून्य धरा, म्हणजे प्रवाह मधून न जाता कडांनी जातोय असं समजा, आणि सगळी बेरीज पुन्हा करा.